कोकण किनाऱ्यावरील जलवाहतूक आणि वादळाची पूर्वसूचना : रत्नागिरी बंदराच्या विशेष संदर्भात (१८५४ ते २०२०)

प्रास्ताविक

कोकणातील जलवाहतुकीच्या इतिहासलेखनात बंदरे, आगबोट कंपन्या व मालाची ने-आण यांना पुरेसे स्थान मिळाले आहे. वादळांचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या दुर्घटनेपुरताच येतो. वस्तुतः गलबत केव्हा सोडावे व केव्हा थांबवावे हा किनारी व्यापाराचा पायाभूत प्रश्न होता. त्याची झळ केवळ किनाऱ्यावरील खारवी, गाबीत, भंडारी व दालदी समाजांनाच बसत नव्हती. समुद्रापासून सुमारे वीस किलोमीटर आत असलेल्या पालीसारख्या गावाचाही मुंबईशी संबंध दीर्घकाळ रत्नागिरी बंदरातूनच येत होता. आंबा घाटातून उतरणारा रस्ता पालीवरूनच बंदराकडे जातो. त्यामुळे बंदर बंद पडले की आतल्या गावांचीही वाट अडे. प्रस्तुत लेखात या बंदराच्या अनुषंगाने वादळाच्या पूर्वसूचनेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पारंपरिक पंचांग आणि त्यातील उणीव

कोकणातील तांडेलाचे समुद्राचे ज्ञान ऋतुचक्रावर आधारलेले होते. मृगाच्या आधी गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा व्यवहार सुरू करायचा, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आगबोटींनीही तो मोठ्या प्रमाणात स्वीकारला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून बचाव करण्यास तो उत्तम होता, यात शंका नाही.

परंतु अरबी समुद्रातील चक्रीवादळे ऐन पावसाळ्यात क्वचितच निर्माण होतात. त्यांचा काळ मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. म्हणजे पंचांग ज्या काळाला सुरक्षित मानते, त्याच काळात हा धोका संभवतो. मुंबई बंदरातील जहाजांची धूळधाण करणारे १८५४ चे वादळ नोव्हेंबरातले. ‘वैतरणा’ बुडाली ती नोव्हेंबर १८८८ मध्ये, ‘जयंती’ व ‘तुकाराम’ नोव्हेंबर १९२७ मध्ये. १९४८ चे मुंबईचे वादळ आणि २००९ चे ‘फयान’ हीदेखील नोव्हेंबरातलीच. ही केवळ योगायोगाची मालिका नव्हे. दिवाळीच्या सुमारास समुद्र निवळलेला असतो, प्रवाशांची गर्दी असते आणि सावधगिरी सैल झालेली असते.

दुसरी अडचण वाऱ्याच्या दिशेची. वादळ नैर्ऋत्येस वा दक्षिणेस असताना कोकण किनाऱ्यावर वारा प्रथम पूर्व वा आग्नेय दिशेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. नेहमीचे मतलई वारेही जमिनीवरूनच वाहतात, त्यामुळे सुरुवातीस शंका येण्याचे कारण नसते. मतलई वारा मात्र सूर्य वर आल्यावर पडतो. तो दुपारीही टिकून राहिला, तर काहीतरी वेगळे घडत आहे असे समजावे लागते. वादळ उत्तरेकडे सरकू लागले की वारा दक्षिणेचा व पुढे नैर्ऋत्येचा होतो आणि जहाजाला खडकाळ किनाऱ्याकडे रेटू लागतो. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाची उजवी बाजू अधिक घातक असते. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाच्या संदर्भात कोकणचा किनारी जलमार्ग नेमका याच बाजूस येतो.

शास्त्र आणि बावटा

वादळातील वारे केंद्राभोवती फिरतात, हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेडफील्ड व रीड यांनी मांडला. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून बंगालच्या उपसागरातील वादळांचे मार्ग आखले आणि १८४८ मध्ये नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘सायक्लोन’ ही संज्ञा रूढ केली. पॅसिफिक समुद्रात ज्याला टायफून म्हणतात ते याच जातीचे वादळ होय. आपल्याकडे त्याला पूर्वापार तुफान म्हणत आले आहेत.

ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. पश्चिम किनाऱ्यावर ही व्यवस्था १८८० मध्ये आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार व कुमठा ही त्यातील पहिली बंदरे होत. १८८६ पर्यंत ती देशातील सर्व बंदरांस लागू झाली. पहिल्या सहा बंदरांत रत्नागिरी होते, ही गोष्ट स्थानिक इतिहासात जितकी ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

व्यवस्था तारयंत्रावर उभी होती. ठिकठिकाणच्या वायुभारमापकाच्या नोंदी तारेने केंद्राकडे जात व इशारा तारेनेच बंदरात परत येई. मग दिवसा काठीवर शंकू व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे चढत. ‘तीन नंबरचा बावटा’ हा वृत्तपत्रांतील शब्दप्रयोग या क्रमांकित खुणांचाच अवशेष आहे. लक्षद्वीपच्या बाजूने उत्तरेकडे येणाऱ्या वादळाची चाहूल दक्षिणेकडील बंदरांना आधी लागे. कारवारचा वायुभार उतरला की रत्नागिरीने सावध व्हावे, अशी ही साखळी होती. पश्चिमेकडे मात्र खुला समुद्र. तिकडची माहिती केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून मिळे, आणि तीही बिनतारी संदेशवहन येईपर्यंत जहाज बंदरात पोहोचल्यावरच.

येथे एका प्रचलित समजाची दखल घेणे आवश्यक आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईत वादळाने एक लाख माणसे दगावली, असे विधान अनेक याद्यांत आढळते. समकालीन साधनांत त्यास आधार नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात या कथेचा परामर्श घेतला आहे. इशाऱ्याची व्यवस्था सुरू होऊन दोन वर्षे झाली असता एवढा संहार नोंदीविना राहणे असंभवनीय होय. अध्यापकांनी तरी ते विधान पुढे चालवू नये.

बंदर सोडलेले जहाज

८ नोव्हेंबर १८८८ रोजी शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ मांडवीहून मुंबईस निघाली व सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसांपैकी कोणीही परतले नाही. इशाऱ्याची पद्धत त्या वेळी सर्व बंदरांत लागू होती. त्यामुळे दोष केवळ शास्त्राच्या अपुरेपणाकडे देता येत नाही. बावटा बंदरात असतो आणि बंदर सोडलेल्या जहाजाला तो दिसत नाही, ही त्या व्यवस्थेची खरी मर्यादा होती.

१९२७ मध्ये ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. परकीय कंपन्यांशी स्पर्धा करण्यासाठी देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या आणि ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून लोकप्रिय झालेल्या कंपनीच्या त्या बोटी होत्या. तिचीच ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाताना बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते चक्रीवादळ नव्हते, पावसाळी तुफान होते. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने बुडाल्याची वार्ताही मुंबईस कित्येक तासांनी, पोहून वाचलेल्यांकडून कळली. इशारा जहाजापर्यंत पोहोचत नव्हता आणि जहाजाची हाक किनाऱ्यापर्यंत येत नव्हती. कंपनीचे देशीपण आणि बोटींना दिलेली संतांची नावे यांविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे या साध्या यंत्राच्या अभावाविषयी लिहिले गेले नाही.

उपग्रहाच्या काळात

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, १९६३ च्या सुमारास, मुंबईत उपग्रहाची छायाचित्रे मिळू लागली. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आल्यावर पश्चिमेचा खुला समुद्र सतत दृष्टीस पडू लागला. पूर्वी ज्या बाजूने काहीच कळत नव्हते, तीच बाजू आता वादळ जन्मल्यापासून दिसते.

तथापि ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्गातील अनेक मच्छीमार समुद्रात होते व त्यांपैकी कित्येक परतले नाहीत. त्या प्रणालीला चक्रीवादळाचा दर्जा मिळाल्यापासून ती किनाऱ्यावर येईपर्यंत एक दिवसाचाही अवधी नव्हता. खोल समुद्रात गेलेल्या लहान नौकेला परतण्यास तेवढाच वेळ लागू शकतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ धडकले. या वेळी इशारा आधीच मिळाला होता आणि मच्छीमारी नौका किनाऱ्याला होत्या. रत्नागिरीजवळ नांगरलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज मात्र भरकटत मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळले. त्यावरील खलाशांची सुटका झाली, जहाज खडकांतच रुतून बसले.