रथाची दोरी कोणाच्या हाती?

चैत्रातील कामदा एकादशीला नाशिकच्या पंचवटीतून रामरथ आणि गरुडरथ निघतात. वर्षभर माणसे देवाच्या दारी जातात; त्या दिवशी देव गल्लीबोळांत येतो. रथ माणसांनीच ओढायचे, आणि दोरीला हात लागणे हे नाशिककरांचे भाग्य.

१९३० साली या आनंदाच्या वाटणीवरून संघर्ष पेटला. २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड स्थानिक धुरा वाहत होते. मंदिराचे दरवाजे महिनाभर बंद राहिले. अखेर एप्रिलमधील रथयात्रेसाठी तडजोड ठरली: स्पृश्य-अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या बळकट तरुणांनी रथ मिळून ओढावा. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोरीपर्यंत पोहोचण्याआधीच रथ पळवण्यात आला. दगडफेक झाली.

मंदिरप्रवेशाविषयी पुष्कळ लिहिले जाते, या दोरीविषयी क्वचितच. वास्तविक हा प्रसंग अधिक बोलका आहे. गाभाऱ्याबाबत शास्त्राधार तरी पुढे केले जात. रथ मात्र सार्वजनिक रस्त्यावर होता.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.