अभ्यास साहित्याचे कुलूप कोणाच्या हाती?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तके दोन प्रकारची असतात. काही घरी नेता येतात. काही मात्र संदर्भ विभागातच राहतात आणि ओळखपत्र जमा करून, ग्रंथपालांच्या नजरेसमोर बसून वाचावी लागतात. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे, हे ठरवताना प्रती किती, मागणी किती आणि परीक्षा किती जवळ आली, एवढाच हिशेब असतो. शिक्षण संगणकाच्या पडद्यावर आले तेव्हा हे राखीव कपाटही त्याच्याबरोबर आले. पडद्यावरच्या पुस्तकाच्या प्रती कधी संपत नाहीत. तरीही तेथे कुलूप लावले जाते. त्यामागची कारणे वेगळी आहेत आणि त्या कुलपाची रचना ग्रंथालयाच्या कपाटापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

ही रचना समजून घेण्यासाठी ‘मूडल’ हे उदाहरण सोयीचे आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातल्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या व्यावसायिक प्रणालीची देखभाल करणारे मार्टिन डुजियामस यांनी ती तयार केली आणि २० ऑगस्ट २००२ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. डुजियामस यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशात गेले. तेथे रेडिओवरून धडे ऐकायचे आणि विमानाने येणाऱ्या साहित्यावर अभ्यास करायचा, असे दूरशिक्षण त्यांनी घेतले होते. मूडल मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे कोणतीही संस्था ती आपल्या सर्व्हरवर विनामूल्य बसवू शकते. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेपासून लहान खासगी शिकवण्यांपर्यंत ती पोहोचली, त्याचे हे एक मोठे कारण. अशा प्रणालीत साहित्यावरचे नियंत्रण तीन पायऱ्यांवर चालते. आत कोण येणार, आल्यावर त्याला काय करता येणार, आणि कोणती गोष्ट त्याला केव्हा दिसणार.

पहिली पायरी प्रवेशाची. विद्यार्थ्याचे खाते असणे आणि तो एखाद्या अभ्यासक्रमात नोंदलेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी शिक्षक स्वतः एकेक नाव घेऊन करू शकतो, संस्थेच्या प्रवेश-नोंदींवरून ती आपोआप होऊ शकते किंवा विद्यार्थ्याला ‘एनरोलमेंट की’ देऊन स्वतःच नोंदणी करायला सांगता येते. ही की म्हणजे वर्गाच्या दाराची सामायिक किल्ली. फळ्यावर लिहिलेली किल्ली संध्याकाळपर्यंत दुसऱ्या तुकडीच्या हाती पडते, हे अनुभवी शिक्षकांना सांगायला नको. त्यावर साधा उपाय आहे. सर्वांनी नोंदणी केली की की बदलावी किंवा स्वयंनोंदणीच बंद करावी. प्रत्येक गटाला वेगळी की देण्याचीही सोय आहे; विद्यार्थी ज्या कीने आत येतो त्या गटात तो आपोआप बसतो. पाहुण्यांसाठी वेगळे दार आहे. त्यातून येणाऱ्याला साहित्य वाचता येते, मात्र गृहपाठ देता येत नाही की चाचणी सोडवता येत नाही.

आत येण्याइतकाच बाहेर पडण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचा विचार फारच कमी केला जातो. नोंदणीला मुदत घालता येते. सत्र संपले की विद्यार्थ्याची नोंदणी स्थगित होते आणि त्याची टिपणे, त्याने लिहिलेले निबंध, शिक्षकांचे अभिप्राय हे सारे दाराआड जाते. छापील वही सत्र संपल्यावर कोणी परत मागत नाही. पुढच्या वर्षीच्या विषयाचा पाया मागच्या वर्षीच्या टिपणांत असतो, नोकरीच्या मुलाखतीआधी जुना प्रकल्प चाळावासा वाटतो. अशा वेळी बंद दाराचा अर्थ विद्यार्थ्याला वेगळाच जाणवतो. संस्थेची अडचणही खोटी नाही. जुने अभ्यासक्रम उघडे ठेवले की गेल्या वर्षीचे प्रश्नसंच यंदाच्या तुकडीपर्यंत पोहोचतात. यावर मध्यममार्ग आहे. चाचण्या बंद ठेवून वाचनसाहित्य काही काळ खुले ठेवता येते. मात्र तो आपोआप निघत नाही, कोणीतरी बसून ठरवावा लागतो.

दुसरी पायरी भूमिकांची. सुरुवातीच्या मूडलमध्ये व्यवस्थापक, शिक्षक, विद्यार्थी, पाहुणा अशा ठरावीक भूमिका होत्या आणि त्यांचे अधिकारही ठरलेले होते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या १.७ या आवृत्तीने ही चौकट मोडली. तेव्हापासून भूमिका म्हणजे शेकडो बारीक अधिकारांची यादी झाली. फाइल पाहणे, चर्चेत उत्तर देणे, दुसऱ्याचे गुण पाहणे, लपवलेला घटक पाहणे असा प्रत्येक अधिकार स्वतंत्रपणे देता वा काढता येतो. सबंध संस्था, विद्याशाखा, अभ्यासक्रम आणि त्यातला एखादा घटक अशा उतरत्या पातळ्यांवर हे अधिकार लागू होतात. वरच्या पातळीवरचा नियम खालची पातळी सहसा बदलू शकते. वरून ‘मनाई’ असा शेरा आला असेल, तर मात्र खाली कोणालाही तो उठवता येत नाही. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आणि तालुका कार्यालयाची सवलत यांच्यातला हा परिचित व्यवहार संगणकाने जसाच्या तसा उचलला आहे. भूमिकांची ताकद मोठी असली, तरी बहुतेक शिक्षकांना तिला हात लावायची गरज पडत नाही आणि लावू नये हेच बरे. एका विद्यार्थ्याची अडचण सोडवण्यासाठी संस्थेच्या पातळीवर बदललेला अधिकार सर्व अभ्यासक्रमांत पाझरतो.

शिक्षकाचे खरे काम तिसऱ्या पायरीवर आहे. पूर्वी एखादा घटक दाखवायचा किंवा लपवायचा, एवढेच त्याच्या हाती होते. डोळ्याचे चिन्ह उघडे किंवा मिटलेले. नोव्हेंबर २०१० मधील २.० आवृत्तीपासून अट घालता येऊ लागली. अमुक तारखेनंतर, अमुक गटालाच, आधीचा धडा पूर्ण केल्यावर, चाचणीत ठरावीक गुण मिळाल्यावर, अशा अटी एकेकट्या किंवा एकत्र लावता येतात. २०१४ च्या २.७ आवृत्तीने ‘सर्व अटी’ आणि ‘यांपैकी कोणतीही एक अट’ असे संच एकमेकांत गुंफण्याची सोय दिली. प्रयोगशाळेच्या ‘अ’ तुकडीला सोमवारी आणि ‘ब’ तुकडीला गुरुवारी प्रयोगाची कृती दिसावी, ही साधी गरज त्यामुळे शिक्षकाला दर आठवड्याला डोळा उघड-मीट न करता भागवता येते. सुरक्षिततेचे नियम वाचून त्यावरची छोटी चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय रसायनांचा प्रयोग उघडू नये, ही अट तर प्रत्येक प्रयोगशाळेने घालावी अशी.

मात्र हीच अट चुकीच्या जागी पडली की तिचा भार प्रामाणिक विद्यार्थ्यावर येतो. समजा, निबंधाला गुण मिळाल्यावरच पुढचे प्रकरण उघडेल अशी अट आहे. विद्यार्थ्याने निबंध वेळेत दिला. शिक्षकाकडे तपासायचे दीडशे निबंध आहेत. पुढचे दोन आठवडे सबंध वर्ग एका करड्या ओळीकडे पाहत थांबतो. अट घातली विद्यार्थ्यासाठी आणि कुलूप मात्र शिक्षकाच्या कामावर बसले. येथे ‘गुण मिळाल्यावर’ याऐवजी ‘निबंध सादर केल्यावर’ अशी अट पुरेशी होती. गुणांच्या अटीत आणखी एक खोच आहे. तिच्यात खालची मर्यादा ‘इतके किंवा अधिक’ अशी असते, तर वरची मर्यादा ‘यापेक्षा कमी’ अशी. वरच्या रकान्यात कोणी सहज शंभर टक्के लिहून ठेवले, तर नव्व्याण्णव टक्केवाला आत जातो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणारा बाहेर राहतो! तारखांचेही तसेच आहे. ‘३१ मार्चपर्यंत’ असे लिहून वेळ रात्री बाराची ठेवली, तर ३१ तारीख उजाडण्यापूर्वीच घटक बंद झालेला असतो. शेवटच्या दिवसावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला त्याचे कारण कळतही नाही.

कारण कळणे न कळणे हेही शिक्षकाच्याच हाती असते. अट पूर्ण झाली नसेल तर घटक दोन प्रकारे ठेवता येतो. पूर्णपणे अदृश्य, किंवा नाव करड्या अक्षरांत आणि त्याखाली अट काय आहे त्याची ओळ. एका डोळ्याच्या चिन्हाचा हा फरक आहे, परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. करडी ओळ सांगते की पुढे काही आहे आणि तेथे जाण्याची वाट ही आहे. अदृश्य घटक काहीच सांगत नाही. आपल्याकडे काही राहून गेले आहे याचा पत्ता मित्राच्या पडद्याकडे पाहिल्यावरच लागतो. फेरपरीक्षेचा पेपर किंवा एका विशिष्ट गटासाठीचे साहित्य लपवणे योग्यच. बाकी बाबतीत अट दाखवावी, हेच न्याय्य.

चाचण्यांसाठी कुलपे अर्थातच अधिक कडक आहेत. उघडण्याची व बंद होण्याची वेळ, सोडवण्याचा कालावधी, पासवर्ड, विशिष्ट संगणक-जाळ्यातूनच प्रवेश, आणि २०२० च्या ३.९ आवृत्तीपासून अंगभूत झालेली ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ची जोड, अशी ही सामग्री आहे. परंतु याच ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्यापुरती किंवा गटापुरती वेळ वाढवून देण्याची सोयही आहे. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला किंवा लेखनिकाच्या मदतीने परीक्षा देणाऱ्याला वाढीव वेळ द्यायचा असतो, तो येथे सर्वांची चाचणी न बदलता देता येतो.

एवढी कुलपे असूनही एक गोष्ट त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. विद्यार्थ्याने एकदा उतरवून घेतलेली फाइल कोणत्याही अटीला बांधील नसते. जुन्या मूडलमध्ये तर याहून मोठी फट होती. २.० पूर्वी अभ्यासक्रमाच्या सर्व फाइली एकाच सामायिक कप्प्यात असत आणि लपवलेल्या घटकाच्या फाइलचा नेमका पत्ता ठाऊक असलेला नोंदणीकृत विद्यार्थी ती थेट उघडू शके. पुढे प्रत्येक फाइल तिच्या घटकाशी जोडली गेली आणि मागणीगणिक अधिकार तपासला जाऊ लागला. उतरवलेल्या प्रतीचे मात्र काहीच करता येत नाही. म्हणूनच उद्याची प्रश्नपत्रिका अट घालून आजच चढवून ठेवण्यापेक्षा ती उद्याच चढवणे शहाणपणाचे ठरते.

कुलपामागचे आणखी एक कारण कायद्याचे आहे. अमेरिकेत २००२ च्या ‘टीच’ कायद्याने कॉपीराइट असलेले काही साहित्य दूरशिक्षणात वापरण्याची मुभा दिली, परंतु ते तांत्रिकदृष्ट्या शक्य तितके नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरतेच मर्यादित ठेवण्याची अट घातली. पासवर्ड असला म्हणजे वाद टळतो असे मात्र नाही. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील प्रकरणे संगणकावर ठेवली म्हणून केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि सेज या प्रकाशकांनी २००८ मध्ये दावा लावला. २०१२ मध्ये न्यायालयाने तपासलेल्या ७४ प्रकरणांपैकी केवळ पाचांत उल्लंघन मानले, तरी अपिले होत होत हा वाद २०२० पर्यंत चालला. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी केलेला दावा सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला प्रती काढण्याची मोकळीक देते आणि अध्यापन म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने प्रकरण काही मुद्द्यांवर पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, पण कलमाचा विस्तृत अर्थ कायम ठेवला. तो निकाल कागदी प्रतींचा होता. महाजालावर सर्वांना खुल्या ठेवलेल्या प्रतीला त्याचा आधार घेता येईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. वर्गापुरती ठेवलेली प्रत त्या अर्थाच्या अधिक जवळ जाते.

याउलट, कुलूपच नको असे म्हणणारी परंपराही आहे. अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम-साहित्य नोंदणीशिवाय सर्वांना खुले करण्याची घोषणा केली. भारतात २००३ मध्ये सात आयआयटी व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी सुरू केलेल्या एनपीटीईएलची व्याख्याने कोणालाही पाहता येतात. जुलै २०१७ मध्ये उद्घाटन झालेल्या ‘स्वयम्’वरही शिकणे विनामूल्य आहे, शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. धडे खुले आणि मूल्यमापन कुलपात, ही विभागणी शिक्षकांनी आवर्जून पाहण्यासारखी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक व्याख्यानांच्या ध्वनि-चित्रफिती सार्वजनिक दालनातून काढून विद्यापीठाच्या लॉगिनमागे नेल्या. कर्णबधिरांसाठी योग्य उपशीर्षके नाहीत म्हणून अमेरिकी न्याय खात्याने आक्षेप घेतला होता. उपशीर्षके देण्याऐवजी दार लावले गेले आणि ऐकू येणारे व न येणारे, दोघेही बाहेर राहिले. २०२२ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीने विद्यापीठावर साहित्य सुगम करण्याचे बंधन घातले.

रोजच्या कामात शिक्षकाला एवढ्या लांबच्या गोष्टींशी कर्तव्य नसते. त्याला आपला अभ्यासक्रम विद्यार्थ्याला कसा दिसतो, हे पाहायचे असते. त्यासाठी मूडलमध्ये ‘भूमिका बदला’ अशी सोय आहे आणि अनेक जण तिच्यावर विसंबतात. ती पुरेशी नाही. शिक्षक विद्यार्थ्याच्या भूमिकेत गेला, तरी त्याच्या नावावर ना गुण असतात, ना गट. त्यामुळे गुणांच्या आणि गटांच्या अटींची खरी परीक्षा होत नाही. त्यापेक्षा एक चाचणीपुरते विद्यार्थी-खाते मागून घ्यावे, ते एखाद्या गटात घालावे, त्यातून एक चाचणी मुद्दाम नापास व्हावी आणि दुसरी शंभर टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावी. कोणती ओळ कोठे करडी राहते, ते सत्र सुरू होण्यापूर्वीच कळते.