वाहनाचा नियम आणि विजेची गाडी



रोज सकाळी चौदा नियम धारणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला आठवा नियम पाठ आहे: वाहन. फिरते, चरते, तरते आणि आता उडतेसुद्धा. आज किती वाहनांत बसणार, एवढेच तो विचारतो. गाडी केवढ्याची, हे विचारत नाही. किमतीचा प्रश्न येतो तो पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी वाहन दोन वेगळ्या ठिकाणी मोजले, एकदा वापर म्हणून आणि एकदा मालमत्ता म्हणून. लग्नाकार्यात, पारण्याच्या जेवणात हल्ली विजेच्या गाडीवरून जो वाद रंगतो, तो ऐकताना मला ही विभागणी फार उपयोगी वाटते. एक पक्ष म्हणतो, हा श्रीमंतांचा दिखावा. दुसरा म्हणतो, छे, आता ती घरोघरीची गाडी झाली. दोघेही इतिहास विसरतात.

आमच्या टोकावड्याच्या बाजूला मोटारी येण्याआधीही हा प्रश्न होताच. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, खांबलिंगेश्वराची. तिथला बैलबाजार सगळ्या ठाणे जिल्ह्यात नावाजलेला. भाताच्या गोणी ओढणारी जोडी आणि शर्यतीच्या छकड्याची जोडी एकाच बाजारात उभी असते. जनावर एकच, पण एकाची किंमत त्याच्या कामावरून ठरते आणि दुसऱ्याची मालकाच्या नावावरून. (शर्यतीच्या बैलाच्या हालांवर आपली मते काय आहेत ते सांगायला नकोच.)

आता विजेच्या वाहनाकडे या. आपल्या मुलांना वाटते ही काल-परवाची गोष्ट. मुंबईत ट्राम 1874 साली सुरू झाली ती घोड्यांची. त्या ओढायला कंपनीच्या पागेत शेवटी 1360 घोडे होते. मुंबईच्या उन्हात, चाबकाखाली, भरलेला डबा ओढायचा! 1907 साली विजेची ट्राम आली आणि ते ओझे घोड्यांच्या मानेवरून उतरले. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली. 1930 पर्यंत विजेच्या तारा कल्याणमार्गे घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. या गाड्यांत बसले कोण? गिरणीकामगार, कारकून, भाजीवाल्या. आमच्या भागातली माणसेही गेली कित्येक वर्षे एसटीने कल्याण गाठतात आणि पुढे विजेवरच मुंबईला जातात. त्याला कोणी प्रतिष्ठा म्हटले नाही, कारण त्या डब्याचा मालक कोणीच नव्हता.

त्याच काळात अमेरिकेत मात्र विजेची मोटार घरच्या अंगणात उभी राहिली आणि तिचे वेगळेच झाले. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे. त्यात हात मोडत. धूर आणि आवाज होता तो वेगळाच. विजेची गाडी शांत आणि स्वच्छ, म्हणून कंपन्यांनी ती खाते-पिते घर असलेल्या बायकांना विकली. गंमत अशी की ज्या हेन्री फोर्डने स्वस्त मॉडेल टी काढून सामान्य माणसाला मोटार दिली, त्याची पत्नी क्लारा स्वतः विजेची गाडी चालवत असे. 1914 सालची तिची डेट्रॉइट इलेक्ट्रिक प्रसिद्ध आहे. तिची किंमत मॉडेल टीच्या कितीतरी पट होती. 1912 पासून पेट्रोल गाडीला बटण दाबून सुरू करण्याची सोय आली, दांडा गेला आणि हळूहळू विजेची मोटारही गेली. आपल्यासाठी म्हणून जी वस्तू विकतात ती बहुधा महाग का असते, यावर मी कधीतरी वेगळे लिहीन.

आपल्याकडे दिखावा आणि वापर यांचे सर्वांत चांगले उदाहरण विजेचे नाही, प्रीमियर पद्मिनीचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती गाडी. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. लहान गावात एखाद्या शेठच्या दारात ती उभी असली की पत्ता सांगायला तेवढी खूण पुरे. आणि तीच गाडी काळा-पिवळा रंग लावून मुंबईत सकाळ-संध्याकाळ भाडी मारत होती. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनीची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकर हळहळले ते टॅक्सीसाठी. शेठच्या दारातली कधी गेली, कोणाच्या लक्षातही नाही.

2001 साली बंगळुरूची रेवा ही विजेची मोटार बाजारात आली. इवलीशी गाडी, लोक खेळणे म्हणून हसले. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन आली, पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होणारी, 14 लाखांच्या आसपास सुरू होणारी. तेव्हापासून मध्यमवर्गाने तिच्याकडे गंभीरपणे पाहिले. मग जुलै 2025 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दुकान उघडले. गाडी सुमारे 60 लाखांची. सप्टेंबरमध्ये पहिली गाडी घेतली ती राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी. नातवाला देणार, लोकांत जाणीव व्हावी म्हणून घेतली, असे ते म्हणाले. तो त्यांचा प्रश्न. पण एसटी ज्यांच्या खात्यात येते त्यांच्या हातात ती किल्ली पाहून मला दुसरीच तारीख आठवली.

1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली. 1 जून 2022 ला एसटीची पहिली विजेची बस, शिवाई, त्याच रस्त्यावर धावली. आमच्या दारावरून जाणारा कल्याण-नगर रस्ता माळशेज चढून त्याच नगरला पोचतो (आता अहिल्यानगर). तिथल्या प्रवाशाने तिकीट काढले आणि विजेवर पुण्याला गेला. इकडे माथेरानलाही तसेच. तिथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. ट्रामच्या घोड्यांनंतर वीज पुन्हा एकदा कोणाच्या तरी मानेवरचे ओझे उतरवते आहे. अहिंसा शोधायची तर मी तिथे शोधीन.

कारण 'आमची गाडी अहिंसक' हे वाक्य मला पटत नाही. महाराष्ट्रातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीच्या कोळशातून येते. धूर आपल्या अंगणातून तिकडच्या अंगणात गेला, एवढेच. शहरातल्या मुलांच्या छातीत तो जात नाही हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण पावसाळी रात्री माळशेजच्या रस्त्यावर बेडूक आणि किडे चाकाखाली येतात, त्यांना गाडी कशावर चालते याने काय फरक पडतो?

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे माझे बी.कॉम. कामाला येते. टोकावडे ते कल्याण साधारण 50 किलोमीटर, जाऊन-येऊन 100. पेट्रोलच्या गाडीला साडेपाच लिटर धरा, म्हणजे 570 रुपयांच्या आसपास. विजेच्या गाडीला 15 युनिट, घरच्या दराने 10 रुपये धरले तर 150. फेरीमागे वाचले 420. आता दोन गाड्यांच्या किमतीत 4 लाखांचा फरक धरला, तर तो भरून यायला सुमारे 95,000 किलोमीटर धावावे लागते. वर्षाला 300 दिवस कल्याणला जाणाऱ्या व्यापाऱ्याचे ते सव्वातीन वर्षांत वसूल. आठवड्यातून एकदा देवदर्शनाला किंवा माहेरी जाणाऱ्या घराला अठरा वर्षे लागतील, आणि बॅटरी तेवढी टिकेल असे धरून चालता येत नाही. शिवाय महावितरणचा दर युनिट वाढले की टप्प्याटप्प्याने वाढतो, तो वेगळा.

म्हणजे रोज धावणाऱ्याकडे तीच गाडी आठव्या नियमात बसते आणि दारात उभी राहणाऱ्याकडे पाचव्या व्रतात मोजावी लागते. तुमच्या घरी मुलगा किंवा सून घ्यायची म्हणत असतील, तर आधीच्या गाडीची सर्व्हिसिंगची बिले काढा. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात. दोन वर्षांची वजाबाकी करा आणि मग बोलायला बसा.