पत्र्याच्या कारखान्यातील नाद

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन भागात १९६५ साली एक सतरा वर्षांचा मुलगा दुपारी जेवावयास घरी आला आणि परत कामावर जाणार नाही असे आईला म्हणाला. पत्र्याच्या कारखान्यातील त्याचा तो शेवटचा दिवस. पुढे वादकांच्या एका चमूबरोबर युरोपचा दौरा ठरलेला होता. पण हाती घेतलेले काम नीट संपवून यावे, असे आईने बजावले. बिचारा निमूटपणे परत गेला. यंत्रावरची नेहमीची बाई त्या दिवशी आली नव्हती. तेथे त्याला उभे केले. दाब खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली.

मुलाचे नाव टोनी आयोमी. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबावयाचा हात उजवाच. म्हणजे नेमका तोच हात गेला!

कारखान्यातील मुकादमाने त्याला एक तबकडी आणून ऐकविली. ती होती जँगो राइनहार्टची. १९२८ साली आगीत भाजून या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरीही तो उरलेल्या बोटांवर युरोप गाजवीत होता. (जँगो रोमानी जमातीचा, या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेले.) आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर जुन्या चामडी कोटाचे तुकडे चिकटविले. जाड तारा दाबवत नसत म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढविल्या.

१९६८ साली तो, ओझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड एकत्र आले. ओझी कत्तलखान्यात राबून आलेला, गीझर हिशेबनिसाची उमेदवारी केलेला. सारेच ॲस्टनच्या आसपासचे. एका भयपटाच्या नावावरून त्यांनी 'ब्लॅक सॅबथ' हे नाव घेतले. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत त्यांनी पहिल्या तबकडीचे वादन एका दिवसात उरकले. रंगमंचावर वाजवीत तसेच वाजविले आणि उठले. पाऊस, गडगडाट आणि घंटा मागाहून जोडली गेली. त्यांच्यामागून येणारे स्वर मोजून तीन: षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. आपल्याकडे तीव्र मध्यम ऐकला की सायंकाळ आठवते. येथे अंगावर काटा येतो.

ही तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन'ने तिची टर उडविली. गिऱ्हाइकांनी मात्र ती इंग्लंडच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेली. अमेरिकेत ती तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढली आणि वर्षाहून अधिक काळ यादीत टिकून राहिली.

दुसऱ्या तबकडीची कथा याहून गमतीची. ध्वनिमुद्रण संपत आले तेव्हा थोडी जागा उरली. ती भरावयास आयोमीने घाईघाईने एक चाल काढली, बटलरने शब्द लिहिले, आणि अर्ध्या तासाच्या आत गाणे उभे राहिले. तेच 'पॅरनॉइड'. सुट्या गाण्यांच्या यादीत ते चौथे आले. युद्धखोरांवरील गीतावरून तबकडीला 'वॉर पिग्ज' म्हणावयाचे ठरले होते, ते बदलून तिलाही 'पॅरनॉइड' नाव मिळाले; वेष्टनावरचा ढाल-तलवारवाला मात्र तसाच राहिला आणि आता त्याचा कशाशीच संबंध लागेना! सायमन आणि गारफंकल यांच्या सौम्य गीतांनी त्या वर्षी बराच काळ अडवून धरलेली पहिली जागा ऑक्टोबर १९७० मध्ये या तबकडीने घेतली. अमेरिकेत तिच्या ४० लाख प्रतींची नोंद आहे.

येथे एका समजुतीची दुरुस्ती करणे भाग आहे. बोटे दुखत म्हणून आयोमीने तारा सैल केल्या आणि त्यातून 'हेवी मेटल' जन्मले, असे सर्रास सांगितले जाते. तारा तीन अर्धस्वर खाली उतरल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त. पहिल्या दोन तबकड्या नेहमीच्याच सुरात आहेत. त्यांतला जडपणा निराळ्या गरजेतून आला: भरगच्च स्वरसमूह त्या हाताला झेपत नव्हते, तेव्हा दोन-दोन स्वरांतच भराव आणावा लागला. शिवाय वॉर्डचा ढोल आणि बटलरचे काळे शब्द यांचा वाटा विसरून सारे श्रेय एका अपघाताला देणे मला अन्यायाचे वाटते.

'पॅरनॉइड'नंतर इंग्लंडच्या सुट्या गाण्यांच्या पहिल्या दहांत त्यांचे दुसरे गाणे कधीच आले नाही. तबकड्यांच्या यादीतील पहिला क्रमांक त्यांना पुन्हा मिळाला तो २०१३ साली, 'थर्टीन'ने, म्हणजे बेचाळीस वर्षांहून अधिक काळाने. तेव्हा वॉर्ड सोबत नव्हता.

चौघे अखेरचे एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी, ॲस्टनमधल्याच व्हिला पार्कच्या मैदानावर. ओझीला उभे राहवत नव्हते. तो सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला वारला. आयोमीच्या बोटांवर त्या दिवशीही टोपणे होती.