बेकारीत मोजलेली अक्षरं

पिशवीत हात घालायचा, सात अक्षरं काढायची आणि त्यांतून इंग्रजी शब्द जुळवायचा. स्क्रॅबल खेळणाऱ्यांना हे कोडं ओळखीचं. पण मंडळी, पिशवीत ‘ई’ १२ आणि ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच, हे ठरवलं कुणी?

महामंदीच्या काळात, १९३१ साली, न्यूयॉर्कमधल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाची नोकरी गेली. कमाईसाठी खेळ तयार करावा म्हणून तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसला. वारंवार येणाऱ्या अक्षराचे ठोकळे जास्त, गुण कमी. ‘क्यू’सारख्या दुर्मीळ अक्षराला १० गुण. ‘एस’ तर पावलोपावली भेटणारा. तरी त्यानं चारच ठेवले. नाहीतर जो तो शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत सुटला असता!

खेळणी बनवणाऱ्यांनी खेळ नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं आणि १९५२ नंतर तो घरोघर पोचला. नियम थोडे बदलले, अक्षरांची वाटणी मात्र बट्सचीच राहिली.

कोणती अक्षरं हाती येतील, हा नशिबाचा भाग. पण त्या नशिबाला मर्यादा घातली, ती एका बेकार माणसाच्या चिकाटीनं.