हजेरीपटातून गळलेली नावं

स्नेहमेळाव्यासाठी आपल्या १९८४ च्या दहावीच्या वर्गाची यादी करताना मी शाळेचे जुने हजेरीपट चाळले. आठवीच्या पटावर त्रेपन्न नावं होती, दहावीपर्यंत त्यातली एकेचाळीस उरली. गळलेल्या बारा जणांत तिसऱ्या बाकावरचा माझा शेजारीही होता. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच.

प्रकट वाचनाला तो उभा राहिला की वर्गात खसखस पिकायची. 'घर'चं 'धर' व्हायचं, जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. पण ऐकलेली कविता त्याला दोन दिवसांत तोंडपाठ असे आणि सरांची सायकल कुठे करकरते ते तोच अचूक सांगे. वर्गप्रमुख म्हणून त्याचं शुद्धलेखन मी तपासायचो. लाल खुणा करताना मला मजा यायची, हे आज कबूल करतो. नववीत तो नापास झाला आणि वडिलांनी त्याला गॅरेजात कामाला लावलं.

पुढे माझ्या मुलीची अक्षरं तशीच उलटसुलट होऊ लागली, तेव्हा मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांचा, एकोणिसाव्या शतकातला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, नजर चांगली, पण वाचन काही जमेना. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याच्या शिक्षकांचं मत त्यात नोंदवलं आहे. ते वाचलं आणि मला आपला तिसरा बाक आठवला. म्हणजे आपण हसत होतो, त्याच्या कितीतरी आधीच हे लिहून ठेवलेलं होतं!

'लर्निंग डिसॅबिलिटी', म्हणजे अध्ययन अक्षमता, ही संज्ञा अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये पालकांच्या परिषदेत मांडली. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती १९९६ पासून मिळू लागल्या. २००७ च्या 'तारे जमीं पर'मुळे हा विषय घरोघरी पोचला. १९९५ च्या अपंग कायद्यात ही अक्षमता नव्हती, ती २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आली. माझी मुलगी जादा वेळ घेऊन दहावी झाली. माझ्या शेजाऱ्याला ती सवलत बारा वर्षांनी हुकली.

गुरुजनहो, हा तुमच्यावर ठपका नाही. पन्नास मुलांच्या वर्गात तुमच्या हाती छडीपलीकडे कुणी काही दिलंच नव्हतं. माझ्या हातात मात्र लाल पेन होतं आणि मी ते हौसेनं चालवलं.

गेल्या महिन्यात निमंत्रण घेऊन त्याच्याकडे गेलो. आता गॅरेज त्याचं स्वतःचं आहे. मी माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "अरे, मी दहावीला नव्हतोच. मला कशाला बोलावतोस?"

म्हणून संयोजकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली: मेळाव्याची यादी आता आठवीच्या पटावरून केली आहे. बारापैकी सात जणांचे पत्ते मिळालेत. उरलेल्या पाचांचा ठावठिकाणा कुणाला ठाऊक असेल, तर मला जरूर कळवा.