तळटीप : कामकाजातून वगळलेले शब्द

* येथे ‘वगळले’ याचा अर्थ ते वाक्य बोललेच गेले नाही, असा घेऊ नये. लोकसभेच्या नियम ३८० नुसार बदनामीकारक, असभ्य, असंसदीय वा सभागृहाला न शोभणारे शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकू शकतात. छापील वृत्तांतात तिथे तारांकने उरतात. नियम ३५३ तर आरोप करण्याआधीच आडवा येतो : अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पूर्वसूचना दिल्याशिवाय बदनामीकारक आरोप करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०५ मुळे सभागृहातील भाषणाबद्दल सदस्यावर खटला भरता येत नाही. त्यामुळे तिथे उत्तर द्यायला हजर नसलेल्या माणसाचा खरा आधार हे नियमच. (ते किती पाळले जातात, हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय.) वगळलेला मजकूर छापणेही जोखमीचे असते. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील असे भाषण प्रसिद्ध केले, तेव्हा प्रकरण हक्कभंगापर्यंत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सभागृहाचा विशेषाधिकार उचलून धरला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत मात्र वेगळे होते. थेट प्रक्षेपणाच्या काळात वगळण्याचा आदेश निघेपर्यंत ते शब्द घरोघरी पोहोचलेले असतात. नियम अजून कायम आहे.